चामड्याचे बूट: पॉलिश सगळ्यात शेवटी

बुटांची काळजी म्हणजे पॉलिश, असं बहुतेक जण धरून चालतात. बूट मळके दिसले की डबी उघडायची, ब्रश फिरवायचा, चकाकी आली की काम झालं. असा सांभाळलेला बूट वर्षभराने उजेडात धरून चवड्याजवळ, जिथे पाऊल दुमडतं तिथे पाहा. घडीत काळपट चिकट थर दिसेल, त्यात अडकलेली धूळ दिसेल आणि थराखालचं चामडं कोरडं ठणठणीत असेल. थोड्याच दिवसांत तिथे भेग पडते. ती भेग कुठल्याही क्रीमने भरून येत नाही.

चूक पॉलिशची नाही, क्रमाची आहे. आधी धूळ, मग मळ, मग ओलावा जाऊ देणं, मग चामड्याला स्निग्धता, मग रंग आणि शेवटी मेण. यातला एक टप्पा गाळला किंवा दोन टप्प्यांमधला वेळ खाल्ला, की पुढची मेहनत वाया जाते. म्हणून खाली प्रत्येक टप्प्यासोबत किती थांबायचं आणि पुढे जाण्याआधी काय तपासायचं तेही दिलं आहे.

## सुरुवातीआधी: बूट कशाचा आहे ते ओळखा

खालची मुख्य पद्धत गुळगुळीत चामड्यासाठी आहे. इतर प्रकारांवर ती वापरली तर बूट खराब होईल, त्यामुळे ही ओळख टाळू नका.

गुळगुळीत चामडं. यात दोन जाती येतात. एकात चामड्यावर रंगद्रव्याचा जाड थर दिलेला असतो, दुसऱ्यात रंग चामड्यात मुरलेला असतो आणि वर फारच पातळ थर असतो. टाचेच्या आतल्या बाजूला, सहज न दिसणाऱ्या जागी पाण्याचा एक थेंब ठेवा. थेंब तसाच मण्यासारखा राहिला तर वरचा थर जाड आहे. अर्ध्या-एक मिनिटात तिथली जागा गडद झाली तर चामडं उघडं आहे. असा बूट पाणी, तेल, क्रीम सगळंच पटकन शोषतो. त्याच्यावर प्रत्येक गोष्ट नेहमीच्या निम्मीच वापरायची.

स्वेड आणि नुबक. हात फिरवला की लव लागते, बोटाने रेघ उमटते. यावर क्रीम, मेण, तेल काहीही लावायचं नाही. यांच्यासाठी शेवटी वेगळा भाग आहे.

पेटंट लेदर. आरशासारखा चमकणारा प्लास्टिकचा थर. ओलसर मऊ कापडाने पुसा, कोरड्या कापडाने घासा, झालं. त्यात पॉलिश मुरत नाही, नुसतं वर चिकटून राहतं. गडद रंगाचा दुसरा बूट त्याला टेकवून ठेवू नका. त्याचा रंग या थरावर उतरतो आणि मग निघत नाही.

कृत्रिम चामडं. कापलेली कड दिसत असेल तर पाहा: खऱ्या चामड्यात तंतू दिसतात, कृत्रिमात कापडावर चिकटवलेला पातळ थर दिसतो. चामड्याला स्निग्धता देणाऱ्या कंडिशनरचा याला उपयोग नाही. थर सोलायला लागला असेल तर कुठलीही काळजी तो परत बसवू शकत नाही.

## साहित्य: थोडंच, पण वेगवेगळं

घोड्याच्या केसांचा एक मोठा ब्रश, धूळ झाडायला. तसाच दुसरा, चकाकीसाठी. शिवणीत क्रीम लावायला एक छोटा ब्रश. जुना मऊ टूथब्रशही चालतो. जुन्या सुती बनियनचे चार-पाच तुकडे. चामड्यासाठीचं सौम्य क्लीनर, कंडिशनर, बुटाच्या रंगाचं क्रीम पॉलिश आणि डबीतलं मेणाचं पॉलिश. लाकडी शू ट्री (आकार टिकवायला बुटाच्या आत घालायचे पावलाच्या आकाराचे साचे) असतील तर फार चांगलं, नसतील तर साधा न छापलेला कागद.

काळ्या आणि तपकिरी बुटांचे चकाकीचे ब्रश वेगळे ठेवा. काळं पॉलिश लागलेला ब्रश फिकट तपकिरी बुटावर एकदा फिरला की शिवणीत शिरलेला काळेपणा पूर्ण काढता येत नाही. ब्रशच्या दांड्यावर रंग लिहून ठेवला की घोटाळा होत नाही.

पॉलिश घेताना रंग जुळत नसेल तर बुटापेक्षा किंचित फिकट घ्या. फिकट क्रीमवर नंतर गडद लावता येतं, उलट करता येत नाही.

काय आणू नका: स्पंजाच्या बाटलीतलं झटपट चमक देणारं द्रव पॉलिश. ते चामड्यावर पातळ पापुद्रा तयार करतं. बूट दुमडला की पापुद्रा घडीत तडकतो, त्यावर दुसरा थर, मग तिसरा. खालचं चामडं कोरडं पडत राहतं आणि वरून कंडिशनर आत जाऊ शकत नाही. दारातून निघताना दोन मिनिटांत बूट चमकवायचे असतील तर नुसता ब्रश जोरात फिरवा, त्यानेही पुरेशी चमक येते.

## टप्पा १: नाड्या काढा, बुटाला आकार द्या

नाड्या पूर्ण काढा. अर्धवट सैल करून भागत नाही, कारण सगळ्यात जास्त धूळ जिभेच्या दोन्ही बाजूंना आणि छिद्रांच्या रांगेखाली साठते. नाड्या साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवा, तोवर बुटाचं काम होतं.

बुटात शू ट्री घाला किंवा कागद घट्ट भरा. यामागे कारण आहे. रिकाम्या बुटाच्या सुरकुत्या मिटलेल्या असतात, त्यांच्या तळाशी ब्रशही पोहोचत नाही आणि क्रीमही. आतून ताण दिला की घडी उघडते. चामडं पहिल्यांदा तडकतं ते याच घडीत, त्यामुळे पुढची सगळी मेहनत तिथे पोहोचली पाहिजे.

## टप्पा २: कोरडा ब्रश

पाणी लावण्याआधी धूळ झाडायचीच. धुळीत वाळूचे बारीक कण असतात. ओलं कापड थेट फिरवलं तर ते कण चामड्यावर घासले जातात आणि वरचा थर ओरबाडला जातो. त्याशिवाय धूळ ओली झाली की तिचा चिखल होतो आणि तो शिवणीत जाऊन बसतो.

टाचेपासून टोकाकडे, लांब आणि हलके हात. मग सोल आणि वरचं चामडं जिथे जोडलं जातं ती खाच. या खाचेत छोटा ब्रश चालवा. बूट उलटा धरून दोन-तीनदा थोपटा, आतले खडेही पडतील.

तपासा: पांढरं कोरडं कापड खाचेतून फिरवा. त्यावर धुळीची रेघ आली तर अजून झाडा.

## टप्पा ३: मळ आणि जुनं पॉलिश काढणं

कापड पाण्यात भिजवून इतकं पिळा की दाबल्यावर थेंब पडणार नाही. त्याने संपूर्ण बूट एकदा पुसून घ्या. नुसता डाग पुसायचा मोह आवरा. एकाच जागी पाणी लागलं की ती जागा वेगळी सुकते आणि कडेला वर्तुळ उमटतं. पुसायचं ते शिवणीपासून शिवणीपर्यंत, चामड्याचा अख्खा तुकडा सारखा ओलसर होईल असं.

आता क्लीनर. ते बुटावर ओतायचं नाही, कापडावर घ्यायचं. लहान गोलाकार हात, फारसा जोर नाही, कापडाची बाजू सारखी बदलत. मळकी बाजू परत फिरवली तर काढलेला मळ दुसऱ्या जागी जातो. शेवटी स्वच्छ ओलसर कापडाने क्लीनर पुसून काढा. चामड्यावर तो सुकू देऊ नका.

कापडावर बुटाचा रंग येईल, घाबरू नका. तो बहुधा जुन्या पॉलिशचा असतो. पण प्रत्येक नव्या फडक्यावर तितकाच रंग येत राहिला आणि खालची जागा निस्तेज, खरखरीत दिसायला लागली, तर तुम्ही मळ सोडून मूळ रंगालाच हात घातला आहे. तिथेच थांबा.

साबण का नको: चामडं थोडं आम्लधर्मी असतं, त्याचा पीएच साधारण ३.५ ते ५ च्या दरम्यान. अंगाचा किंवा कपड्याचा साबण अल्कधर्मी असतो, ९ ते १० च्या आसपास. तो मळाबरोबर चामड्यातली स्निग्धताही ओढून काढतो आणि चामडं ताठ होतं. घोड्याच्या खोगिरासाठीचा सॅडल सोप हाही शेवटी साबणच. चिखलाने माखलेल्या जाड बुटांवर क्वचित वापरायला हरकत नाही, दर महिन्याला नको. ओले टिश्यू, थिनर, पेट्रोल, नखांचं पॉलिश काढायचं द्रव या गोष्टी बुटाजवळ आणूच नका. त्यांतले काही रंग विरघळवतात, काही वरचा थर.

टूथपेस्ट, केळ्याची साल वगैरे उपाय सतत सांगितले जातात. टूथपेस्टमध्ये बारीक घासणारी पूड असते, ती चामड्याला ओरखडेच पाडेल. सालीने क्षणभर ओलसर चमक येते आणि साखर चिकटून राहते.

## टप्पा ४: थांबणं

हा टप्पा सगळेच गाळतात, म्हणून त्याला स्वतंत्र क्रमांक दिला आहे.

बूट सावलीत, वारा खेळेल अशा जागी ठेवा. नुसता पुसलेला बूट अर्ध्या-पाऊण तासात सुकतो. चामडं उघडं असेल किंवा हवा दमट असेल तर दोन तासही लागतात. ओलसर चामड्यावर कंडिशनर लावलं तर ते नीट आत शिरत नाही. त्यावर मेण चढवलं तर ओलावा आत कोंडतो, आणि बुरशीला याहून चांगली जागा मिळणार नाही.

ऊन नाही, हीटर नाही, हेअर ड्रायर नाही. चामड्याचे तंतू ओले असताना उष्णतेने आकसतात. एकदा आकसले की पूर्ववत होत नाहीत. बूट कडक होतो, लहान होतो आणि पहिल्याच घडीला तडकतो. उन्हात ठेवलेल्या बुटाचा वास जातो हे खरं, पण सोबत रंग आणि स्निग्धताही जाते. वासासाठी वारा पुरतो.

तपासा: हाताची मागची बाजू चामड्याला लावा. थंडगार लागलं तर आत अजून पाणी आहे.

## टप्पा ५: कंडिशनर

कारखान्यात चामडं तयार होताना त्यात तेलं मुरवलेली असतात. तंतू एकमेकांवर न घासता सरकतात ते त्यामुळे. वापर, पाणी आणि उष्णता यांनी ती हळूहळू कमी होतात. कंडिशनरचं काम ती भर घालणं, चमक आणणं नव्हे. लावल्यावर बूट थोडा निस्तेज दिसला तर काही बिघडलेलं नाही.

एका बुटाला वाटाण्याएवढं कंडिशनर पुरे. बोटाला गुंडाळलेल्या कापडावर घ्या आणि पहिला स्पर्श चवड्याच्या घडीवर करा, कारण गरज तिथे सगळ्यात जास्त. मग तिथून बाजूला पसरवा. जीभ, वरची कड, टाचेचा वरचा भाग यांनाही थोडं द्या. या जागा रोज घासल्या जातात आणि पॉलिश करताना विसरल्या जातात.

पंधरा-वीस मिनिटांनी पाहा. सगळं शोषलं गेलं आणि हाताला कोरडं लागलं तर आणखी एक पातळ हात. वर चिकट राहिलं असेल तर चामड्याचं पोट भरलं आहे. उरलेलं पुसून टाका. फिकट तपकिरी चामडं कंडिशनरने गडद होतं. काही वेळा ते परत उजळतं, काही वेळा नाही. म्हणून पहिल्यांदा वापरताना जिभेच्या मागे लावून रात्रभर ठेवा आणि मगच ठरवा.

जास्त लावणं हीसुद्धा चूकच. तेलाने माखलेलं चामडं मऊ पडतं, आकार सोडतं, धूळ ओढतं. खोबरेल किंवा स्वयंपाकाचं कुठलंही तेल यासाठीच टाळावं. ते खोल जातं, डाग पाडतं, शिवणीतून आतल्या अस्तरात उतरतं आणि काही महिन्यांनी खवट वास येतो. पेट्रोलियम जेली वर बसून राहते, चामड्याला तिचा फायदा होत नाही.

कंडिशनर किती वेळा लावायचं? रोजच्या वापरातल्या बुटाला महिन्या-दोन महिन्यांतून एकदा. आठवड्यातून एकदा घातला जाणारा बूट तीन महिने सहज काढतो. कॅलेंडरपेक्षा घडीकडे पाहा: तिथलं चामडं फिकट, रुक्ष दिसलं की वेळ झाली.

पुढच्या टप्प्याआधी किमान अर्धा तास जाऊ द्या. रात्रभर ठेवता आलं तर उत्तम.

## टप्पा ६: रंगासाठी क्रीम

क्रीम आणि डबीतलं पॉलिश एकच समजून अनेक जण एकच काहीतरी घेतात. क्रीममध्ये रंग जास्त आणि मेण कमी असतं. ते थोडं आत जातं आणि फिकटलेली जागा भरून काढतं. डबीतल्या पॉलिशात मेण जास्त, ते वर बसतं. म्हणून आधी क्रीम, नंतर मेण. मेणावर क्रीम लावलं तर ते चामड्यापर्यंत पोहोचतच नाही.

पुन्हा थोडंच घ्या. छोट्या ब्रशने शिवणी आणि खाच, कापडाने बाकीचा भाग. टोकावर खरचटलं असेल तर आधी चमच्याची गुळगुळीत पाठ त्या जागेवर हलकेच दाबत फिरवा, उठलेले तंतू बसतात. मग तिथे क्रीमचे दोन पातळ हात द्या, मध्ये दहा मिनिटं सोडून. चामडं कापलं गेलं असेल तर हा उपाय पुरणार नाही, ते काम कारागिराकडे न्या.

पाच-दहा मिनिटांनी चकाकीचा ब्रश. हात वेगाने आणि हलका चालू द्या. चमक येते ती ब्रशच्या वेगातून आणि घर्षणाच्या सौम्य उबेतून. रेटून घासलं की नुसतं क्रीम इकडचं तिकडे होतं.

तपासा: पांढरं कापड चवड्यावरून फिरवा. रंग लागत असेल तर ब्रश आणखी चालवा, नाहीतर तो रंग पँटच्या काठाला लागेल.

पुष्कळ बुटांचं काम इथेच संपतं. ऑफिसच्या रोजच्या बुटाला मी पुढे जात नाही.

## टप्पा ७: मेण, तेही मोजक्याच जागी

मेण पाणी अडवतं आणि खोल चमक देतं. पण ते ताठ असतं. टोक आणि टाच, जिथे आतून कडक आधार असतो आणि चामडं दुमडत नाही, तिथेच ते चांगलं बसतं. चवड्याच्या घडीवर जाड मेण लावलं की चार पावलांत ते तुटतं आणि पांढुरके कण सुरकुत्यांत अडकतात. रंगहीन मेण गडद बुटांवर असं फार दिसतं. घडीवर हवंच असेल तर नावापुरता हात फिरवा.

कापड दोन बोटांवर ताणून घट्ट गुंडाळा, मेणाला नुसतं टेकवा, टोकावर लहान वर्तुळात लावा. दहा मिनिटं थांबा, मग ब्रश.

आरशासारखी चमक हवी असेल तर ब्रशनंतर तेच मेण पुन्हा चिमूटभर घ्या, टोकावर पाण्याचा एक थेंब टाका आणि अगदी हलक्या वर्तुळांत फिरवत राहा. धूसर झालं की एक थेंब पाणी, कोरडं घासलं जायला लागलं की किंचित मेण. असे पाच-सहा पातळ थर लागतात. घाईने जाड थर चढवला तर तो मऊच राहतो, त्यावर चमक धरत नाही. तसं झालंच तर क्लीनरने तो भाग पुसून पहिल्यापासून सुरू करणं जास्त सोपं.

शेवटी सोलची बाजूची कड रंगवा, नाड्या ओवा.

## बूट भिजले तर

पाऊस असो किंवा साचलेलं पाणी, पहिल्या तासात काय केलं यावर बुटाचं पुढचं आयुष्य ठरतं.

1. चिखल ओला असतानाच ओल्या कापडाने पुसा. वाळल्यावर खरवडला तर ओरखडे पडतात.
2. नाड्या आणि सुटा असेल तो आतला तळ काढा.
3. कागद सैलसर भरा. गच्च कोंबला तर भिजलेलं चामडं ताणलं जाऊन तोच आकार धरतं. फिकट अस्तराच्या बुटात छापील कागद नको, शाई उतरते.
4. बूट आडवा ठेवा. उभा ठेवला तर सोलखाली हवा जात नाही आणि चामड्याचा सोल तर दिवसेंदिवस ओला राहतो.
5. पहिल्या काही तासांत कागद दोन-तीनदा बदला. हे विसरलं की ओला कागदच बुटाला ओलं ठेवतो.
6. बूट ओलसरपणापर्यंत आला की शू ट्री घाला आणि वाट पाहा. चोवीस तास लागतात, चामड्याचा सोल असेल तर अठ्ठेचाळीस.
7. पूर्ण सुकल्यावर कंडिशनर. पाणी बाहेर पडताना स्निग्धताही कमी झालेली असते, त्यामुळे भिजलेल्या बुटाला नुसतं पॉलिश लावून पुन्हा घालणं म्हणजे भेगेला आमंत्रण.

## पांढरा थर दिसला तर आधी तो कसला आहे ते पाहा

कपाटातून काढलेल्या बुटावर पांढरं काही दिसलं की लोक बुरशी समजून बूट पाण्याने धुतात. पांढरा थर तीन प्रकारचा असतो आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

लव असलेले ठिपके, कुबट वास: बुरशी. बूट घराबाहेर न्या, नाका-तोंडावर मास्क लावा आणि कोरड्या ब्रशने झाडा. आत झाडलं तर बीजाणू कपाटातल्या बाकीच्या बुटांवर जातात. मग एक भाग पांढरं व्हिनेगर आणि दोन भाग पाणी यात पिळलेल्या कापडाने आतून-बाहेरून पुसा आणि दोन दिवस वाऱ्यावर ठेवा. आतला सुटा तळ टाकून नवा घाला. वापरलेला ब्रश धुऊन सुकल्याशिवाय दुसऱ्या बुटाला लावू नका. शेजारचे बूट स्वच्छ दिसत असले तरी तेही पुसून घ्या.

कडक, नागमोडी रेघ: क्षार. घामातून किंवा भिजलेल्या बुटातलं पाणी सुकताना तो पृष्ठभागावर येतो. हेच व्हिनेगरचं पाणी इथेही चालतं, पण पुसायचं अख्ख्या तुकड्यावर, नुसत्या रेघेवर नाही. सुकल्यावर रेघ परत दिसली तर घाबरू नका, आत उरलेला क्षार वर आला आहे. पुन्हा एकदा पुसा.

मऊ, मेणचट पातळ थर, वास नाही: चामड्यातलीच स्निग्धद्रव्यं थंडीत वर आलेली. बोटाच्या उबेने हा थर नाहीसा होतो. क्षार आणि बुरशी तशा जात नाहीत, त्यामुळे बोट घासून पाहणं हीच सोपी परीक्षा. कोरड्या कापडाने पुसा आणि ब्रश फिरवा.

## डाग

तेल सांडलं तर पाणी लावू नका. कोरड्या कापडाने टिपा, टाल्कम पावडर किंवा कॉर्नस्टार्च जाडसर पसरा, रात्रभर ठेवा, सकाळी झाडा. डाग राहिला तर पुन्हा तेच. बॉलपेनच्या शाईला घरी हात लावू नका. शाई विरघळवणारं द्रव बहुतेक वेळा बुटाचा रंगही विरघळवतं.

## स्वेड आणि नुबक

इथे पाण्याआधी, क्लीनरआधी, सगळ्याआधी कोरडेपणा. ओला डाग घासला की लव चिकटते आणि डाग खोल जातो. सुकू द्या. मग स्वेडच्या रबरी ब्रशने आधी एका दिशेने, नंतर उलट. कडक डागावर स्वेडसाठीचा खोडरबर चालवा. चपटी झालेली लव किटलीच्या वाफेपासून वीतभर अंतरावर क्षणभर धरून लगेच ब्रश केली की उठते. तिथे जास्त वेळ धरू नका, हात भाजेल आणि चामडंही.

पाण्यापासून संरक्षण देणारा फवारा नव्या कोऱ्या किंवा नुकत्याच स्वच्छ केलेल्या बुटावरच मारा. मळावर मारला तर मळच पक्का होतो. फवारा उघड्या जागी, वीतभर लांबून, दोन पातळ थर.

## रोजची आणि कपाटातली निगा

बूट काढताना नाड्या सोडून काढा. टाचेवर दुसऱ्या पायाने रेटून काढले की टाचेचा आतला आधार मोडतो. घालताना शूहॉर्न, म्हणजे टाच आत सरकवायची पट्टी, वापरा.

एकदा घातलेला बूट पुढचे चोवीस तास विश्रांतीवर. दिवसभराचा घाम अस्तरातून चामड्यात गेलेला असतो, तो एका रात्रीत पुरता सुकत नाही. दोन जोड आलटून पालटून वापरले तर दोन्ही मिळून टिकतात ते एकामागून एक वापरलेल्या दोन जोडांपेक्षा कितीतरी जास्त. बूट काढल्यावर तो आतून कोमट असतानाच शू ट्री घाला आणि अर्धा मिनिट ब्रश फिरवा. शू ट्री लाकडी आणि विनापॉलिशच्या घ्या, म्हणजे त्या ओलावाही ओढतात.

बरेच दिवस ठेवायचे बूट आधी स्वच्छ करा, कंडिशनर लावा, पूर्ण सुकू द्या आणि सुती पिशवीत ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत ओलावा कोंडतो. ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, पण त्यांची क्षमता संपते, त्या अधूनमधून बदला. महिन्यातून एकदा बूट बाहेर काढून तासभर वाऱ्यावर ठेवा. पॉलियुरेथेनचे (एक प्रकारच्या प्लास्टिकचे) सोल असलेले बूट वर्षानुवर्षं न घालता ठेवू नका. हवेतल्या दमटपणाने ते सोल आतून विघटित होतात आणि दिसायला नवा असलेला बूट पहिल्याच फेरफटक्यात तळातून सुटतो.

ब्रश फिरवताना दर वेळी बूट उलटा करून टाचही पाहा. टाचेचा रबर झिजून खालच्या थराला लागायच्या आत बदलून घ्या. तोवर काम फक्त रबराचं असतं. थर झिजला की अख्खी टाच बांधावी लागते. सोलच्या मधोमध अंगठ्याने दाबा. चामड्याचा सोल तिथे सहज आत दबत असेल तर त्यात भोक पडायच्या आधीच कारागिराकडे न्या, कारण आतल्या तळापर्यंत पाणी गेलं की नुसता सोल बदलून भागत नाही.